भिंतीवरचं तवसं

चैत्र सरत आला की हल्ली मला राग यायला लागतो. कोणाकोणाचा ते विचारू नका, पण सुरुवात होते ती आमच्या ओट्यावर, मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरच्या मधे बसलेल्या एका पांढऱ्या डब्यापासून. खाली पाण्याची टाकी, वर भोकं असलेलं झाकण, आणि त्याच्या डोक्यावर दांडीला बसवलेलं दिव्यांचं छत. भोकांत स्पंजाच्या गुंड्या बसवायच्या, गुंडीत बी ठेवायचं, टाकीत पाणी आणि दोन बाटल्यांतलं औषध घालायचं आणि बटण दाबायचं. माती नको, ऊन नको, आळं नको. सकाळी दिवे आपोआप लागतात, रात्री आपोआप विझतात. मधूनमधून आत पंप घुरघुरतो. पाणी कमी झालं की डबा तान्ह्या मुलासारखा किरकिर करायला लागतो आणि पाणी घालेपर्यंत थांबत नाही.

"हे आता माळ्यावर टाकू या का रे?" मनीषा, माझी बायको, यंदा चैत्र सरताना म्हणाली. "नाहीतर विकून टाक. पोळपाट ठेवायला जागा उरली नाहीये."

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "राहू दे. माझं काम आहे त्याच्याशी."

आईला कमी ऐकू येतं असं ती म्हणते, पण ओट्यावर बोललेलं तिला पलंगावर बरोबर ऐकू जातं. मी चमकलो ते त्यामुळे नाही. गेल्या भाद्रपदापासून आईने त्या डब्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. माझ्याकडेही फारसं नाही.

तवसं म्हणजे कोकणातली मोठी काकडी. बाजारातल्या काकड्या शाळेतल्या मुलांसारख्या एका रांगेत, एका उंचीच्या असतात. तवसं तसं नसतं. ते मनगटाएवढं असतं तेव्हा कोवळं, दंडाएवढं झालं की भाजीचं, आणि मांडीएवढं होऊन पिवळं पडलं की किसून गुळाबरोबर गोड तवसाळी करायची. त्याच्याही पुढे वेलावर ठेवलं तर ते तपकिरी होतं, सालीवर जाळी पडते, आणि आंबूस, गोड, ओल्या गवतासारखा वास सुटतो. तेव्हा ते बियाचं. आई लग्न होऊन राजापूरकडून डोंबिवलीला आली तेव्हा पदराच्या गाठीत माहेरच्या तवशाच्या बिया होत्या. सोन्याचं फारसं काही नव्हतं असं तीच सांगते.

डोंबिवलीला आमचं घर तळमजल्यावर होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधे गटाराला लागून एक पट्टी होती. तिथे वरच्या मजल्यावरचे लोक तुटक्या बादल्या आणि संडासाची जुनी भांडी टाकायचे. आईने ती पट्टी साफ केली. टीव्हीच्या अँटेना निरुपयोगी झाल्या तेव्हा बिल्डिंगभरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या गोळा करून मांडव घातला. भाद्रपदात मागचं दार उघडलं की डोक्याला तवसं लागायचं. बाबा ऑफिसला जाताना वाकून जायचे आणि म्हणायचे, "बाईसाहेब, तुमच्या लेकरांना जरा वर उचला."

कार्तिकात आई बियाचं तवसं चिरायची. राख आणि शेण कालवून त्यात बिया घोळवायची आणि त्या लहान लहान थापट्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर, खिडकीशेजारी, एकेक थापायची. सुकल्या की त्या भिंतीवर गुंड्या लावल्यासारख्या दिसायच्या. कीड लागत नाही, उंदीर शिवत नाही, आणि स्वयंपाकाची ऊब मिळते, असं ती म्हणायची. रंगारी यायचा तेव्हा त्याला ताकीद असायची की गुंड्या वगळून रंग लाव. त्यामुळे त्या भिंतीवर एकावर एक वेगवेगळ्या दिवाळ्यांचे रंग बेटांसारखे उरले होते. माझा शाळेतला मित्र एकदा ते बघून म्हणाला, "अरे, तुमच्या भिंतीला देवी आल्यात काय?" मला इतकी लाज वाटली की त्यानंतर मी मित्रांना पुढच्या खोलीतच बसवायला लागलो.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास आई सुरीने एकेक थापटी काढायची. भिंतीवर गोल पांढरा डाग राहायचा. थापटी चुरायची, बी ओल्या फडक्यात गुंडाळायची, आणि फडकं पिठाच्या डब्यामागे ठेवायची. दोन दिवस घरात कोणी पिठाच्या डब्याला जोरात हात लावायचा नाही.

आईचे देवधर्माचे नियम ढिले होते. उपास ती विसरायची. पण बियाचा एक नियम तिने कधी मोडला नाही. बी कोणाच्या हातावर ठेवायचं नाही, उंबऱ्यावर ठेवायचं, आणि काही न बोलता निघून यायचं. ज्याला हवं तो उचलतो. आणि एकदा दिलेलं बी परत मागायचं नाही. नड आली तरी नाही. समोरच्याने आपणहून आणून ठेवलं तर घ्यायचं. मी लहानपणी विचारलं होतं की मागितलं तर काय होतं. ती म्हणाली, "मग ते दिलेलंच नव्हतं असं होतं."

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गावठाणातून पाटीलकाकू भाजीची टोपली घेऊन यायच्या. आईच्याच वयाच्या, आवाज मात्र आईच्या तिप्पट. शेण त्यांच्याकडचंच असायचं. आईने एका वर्षी त्यांच्या उंबऱ्यावर तवशाच्या बिया ठेवल्या. पुढच्या वर्षी आमच्या उंबऱ्यावर वालाचं पुडकं आलं. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. इतर सगळ्याबद्दल तासन् तास बोलायच्या.

मग बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. यावर मी लिहायला बसलो तर दुसराच लेख होईल आणि तो छापण्याजोगा नसेल. आम्ही आधीच ठाण्याला कोलशेतच्या बाजूला टॉवरमधे राहायला गेलो होतो, बाबा गेल्यापासून आई तिकडे एकटी होती. तिला आणायला गेलो त्या दिवशी टेम्पो बाहेर उभा होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, आणि आई स्वयंपाकघरात भिंतीसमोर उभी होती. त्या वर्षीच्या थापट्या भिंतीवर होत्या.

"काढ ना सुरीने," मी म्हणालो.

"आत्ता काढून ठेवू कुठे? भिंतीवर असतात त्या. वेळ यायची आहे अजून."

"आई, भिंत काय बरोबर नेणार आहेस?"

मी स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी घेतली आणि भिंतीचं प्लास्टर तासायला लागलो. घाईत होतो, चिडलेलो होतो. एक मोठा तुकडा नीट निघाला. दुसरा खाली पडून फुटला, आणि त्यावरच्या थापट्या टेम्पोवाल्याच्या माणसांच्या पायांखाली गेल्या. ते कपाट नेत होते, त्यांचा काय दोष. आईने उरलेला तुकडा टॉवेलमधे गुंडाळला आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली. माजिवड्याच्या पुलाखाली अडकलो होतो तेव्हा तिने टॉवेल उघडून बघितला आणि पुन्हा मिटला.

आमच्या टॉवरमधून खाडी दिसते. खाडी दिसते म्हणून या घराचे जास्त पैसे घेतले होते. ओहोटीला चिखलाचा वास येतो, त्याचे वेगळे घेतले नाहीत. गॅलरी आहे, पण गॅलरीच्या कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, कठड्याबाहेर वेल जाऊ द्यायचा नाही, असा सोसायटीचा नियम आहे. वरच्या कोणाची तरी कुंडी खाली उभ्या गाडीवर पडली होती. गाडीच्या जागी पोर असतं तर, असं सभेत कोणी म्हणालं, आणि सगळ्यांनी हात वर केले. मी कमिटीवर आहे. माझाही हात वर होता. नियम चुकीचा नाही. मला राग येतो तो याचाच. चुकीचा असता तर भांडलो असतो असं स्वतःला सांगता आलं असतं.

खाली बाग आहे. तिला लँडस्केप म्हणतात. हिरवळीवर चालायचं नाही. झाडं एका एजन्सीकडून येतात, कंटाळवाणी दिसायला लागली की बदलून मिळतात. आई पहिल्यांदा खाली उतरली तेव्हा तिने एका झाडाचं पान चुरगळून वास घेतला. वास नव्हता. "भाड्याची आहेत," मी सांगितलं. "तरीच," ती म्हणाली.

गेल्या वर्षी चैत्रात हा डबा आला. सईने, आमच्या मुलीने, पुण्याहून आजीसाठी पाठवला. फोनवर चेहरा मोठा करून म्हणाली, "आजी, बघ, घरात शेती! मातीची कटकट नाही, काही नाही. तुझ्या त्या काकडीच्या बिया आहेत ना, त्या यात टाक. रोपं तयार झाली की मग बघू कुठे लावायची."

"बघू कुठे" हे आमच्या घरातलं फार जुनं वाक्य आहे. ते तिने माझ्याकडूनच उचललं आहे.

आईने डब्याभोवती फेरी मारली. मी दिवे लावून दाखवले. बाटल्या दाखवल्या. ती म्हणाली, "हा तर दवाखाना आहे. सलाईन लावलंय, वर दिवा लावलाय. आजारी आहे का ते बी?"

"आजी, बाहेरच्या देशात सगळे असंच करतात."

"करू देत. त्यांच्याकडे बर्फ पडतो."

तरीही तिने बिया दिल्या. त्या तुकड्यावरच्या सगळ्या. काही थापट्यांत बी फुटकं निघालं, काही पोकळ. जी भरीव होती ती फडक्यात गेली आणि मग स्पंजाच्या गुंड्यांत. मी खरं सांगतो, त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. तिची पट्टी, तिचं मागचं दार, तिची भिंत, या सगळ्याच्या बदल्यात मी तिला निदान एक डबा देऊ शकलो, आणि तोही मुलीच्या पैशांनी. अपराधी माणसाचं समाधान किती स्वस्तात होतं बघा.

बिया रुजल्या. त्याबद्दल डब्याला नावं ठेवणार नाही. दुधी हिरव्या मानेवर बियाचं टरफल टोपीसारखं घालून एकेक कोंब वर आला. आई खुर्ची घेऊन ओट्याशी बसायला लागली. बाहेर वैशाख भाजत होता, मीठ आणि धूळ मिसळलेला वारा खिडकीच्या फटीतून शिट्टी वाजवत होता, आणि आत त्या पांढऱ्या उजेडात आई चिंचा सोलत बसायची. तिच्या हातांवरच्या शिरा त्या दिव्यात निळ्या दिसायच्या. टोपी अडकली असेल त्या कोंबाला ती बोटावर थुंकी लावून सोडवायची. मनीषा म्हणायची, "आई, त्यात हात घालू नका, सई म्हणाली इन्फेक्शन होतं." आई म्हणायची, "सईच्याही नाकाचा शेंबूड मीच काढलाय. तिला झालं का इन्फेक्शन?"

हळूहळू ती डब्याशी बोलायला लागली. सकाळी दिवे लागले की "उठलात का" म्हणायची. किरकिर सुरू झाली की "आले, आले" म्हणत पाणी घालायची. आमच्या टॉवरमधे आल्यापासून ती पहिल्यांदा कशासाठी तरी लगबगीने उठत होती.

रोपं वाढली. चार पानांवर आली, मग तणावे फेकायला लागली. एका रोपाने मिक्सरच्या वायरला वेढा घातला. "आता यांना जमीन पाहिजे," आई म्हणाली. मी म्हणालो, बघू. ती रोज म्हणायची, मी रोज बघत होतो. टॉवरच्या मागे, खाडीच्या बाजूला कंपाउंडची लांबच लांब भिंत आहे. तिच्या पायथ्याशी उघडी जमीन आहे, तिथे एजन्सीसुद्धा काही लावत नाही. एवढीशी पट्टी. डोंबिवलीत होती तेवढीच. मला फक्त कमिटीच्या बैठकीत विचारायचं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारल्यावर काय होईल ते मला माहीत होतं.

शेवटी एका सकाळी आईने डब्याचं झाकण उचललं. खाली टाकीत मुळांचं जंगल झालं होतं. सगळ्या रोपांची पांढरी, ओली मुळं एकमेकांत गुंतून एकच जटा झाली होती. एक रोप उचललं की सगळी वर येत होती. मी कात्री आणली.

"कात्री ठेव," ती म्हणाली.

तिने टाकी मांडीशी घेतली. बोटांना तेल लावलं आणि ती मुळं एकेक करून सोडवायला लागली. लहानपणी माझ्या बहिणीचे केस ती असेच सोडवायची, टोकाकडून वर, गाठ आली की थांबून. सकाळभर ती तेच करत होती. त्याच सकाळी कमिटीची बैठक होती आणि मी एकदाचा विषय काढला.

सेक्रेटरी भला माणूस आहे. हसला. "वेल? कंपाउंडला? अहो साहेब, वेल म्हणजे साप."

"खाडीच्या बाजूला आधीच साप आहेत," दुसरा म्हणाला, "त्यांना काकडी खायला घालणार का?"

सगळे हसले. मीही हसलो.

"आणि आज तुम्ही, उद्या बी विंगवाले कोथिंबीर लावतील. नियम म्हणजे नियम." मग समजुतीच्या सुरात, माझ्या खांद्यावर हात ठेवून, "अहो, काकडीच ना? ॲपवर मागवा. दहा मिनिटांत दारात."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरंच म्हणालो. आणि लिफ्टने वर आलो. लिफ्टमधे आरसा आहे, त्यात माझा चेहरा अजून हसरा होता.

दार उघडलं तर ओट्यावर पाणी सांडलेलं, जमिनीवर ओले पाय, आणि आई मांडीवर जटा घेऊन बसलेली. वर न बघता तिने विचारलं, "काय म्हणाले?"

आणि मी ओरडलो. खाली जे ओरडायचं होतं ते सगळं तिथे, स्वयंपाकघरात ओरडलो. "काय म्हणणार? काकडीच आहे ती आई! एक काकडी! बाजारात मिळते, दहा मिनिटांत दारात येते! त्याच्यासाठी मी लोकांसमोर हात जोडायचे?"

मनीषा बाहेर आली आणि माझ्याकडे बघून पुन्हा आत गेली. डब्याचा पंप घुरघुरला. आईची बोटं थांबली नव्हती. एक गाठ सुटली, मग ती म्हणाली, "मिळते ना? आण मग."

माणसाला राग आवरत नाही असं म्हणतात. मला हे पटत नाही. मी तो खाली छान आवरला होता. वर येईपर्यंत सांभाळून आणला होता. जिथे काही किंमत पडणार नाही अशी जागा बघून मग सोडला.

पुढचं थोडक्यात. गॅलरीत वेल कठड्याबाहेर गेले असते, म्हणून रोपं मी मोठ्या पिशव्यांत माती भरून बैठकीच्या खोलीत काचेशी लावली. वेल पडद्याच्या दांडीवर चढले. दुपारचं ऊन काचेतून भाजायचं, पानं कडेने करपायची. फुलं आली, पिवळी, तजेलदार. पण इतक्या वर मधमाशी येत नाही, आणि आली तरी काच बंद. मी यूट्यूब बघून ब्रशने पराग लावले. लहान लहान तवशी धरली आणि बोटाएवढी होऊन पिवळी पडून गळली. आई गळलेली उचलून बशीत ठेवायची. फेकायची नाही. श्रावण संपता संपता वेल वाळले. भिंतीच्या तुकड्यावर फक्त गोल डाग उरले होते. राजापूरहून पदराच्या गाठीत आलेलं ते बी आमच्या घरातून संपलं.

आण मग, असं आई म्हणाली होती. मी आणायला निघालो. गणपतीत जांभळी नाक्याच्या बाजारात तवशी येतात. मी रविवारी जाऊन आणायचो, आई उचलून बघायची, देठाकडे अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "चांगलं आहे. पण हे ते नव्हे." काय वेगळं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. तिला सांगावंसं वाटलं नाही.

मग मला पाटीलकाकूंची आठवण झाली आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. एका सकाळी डोंबिवलीला गेलो. आमची बिल्डिंग अजून तशीच उभी होती, खिडक्यांच्या चौकटी काढून नेलेल्या, भोवती निळे पत्रे. पाडायचीही घाई नाही आणि बांधायचीही नाही, फक्त आम्हाला बाहेर काढायची होती. पत्र्याच्या फटीतून मागची पट्टी दिसली. गवत छातीपर्यंत आलं होतं आणि अँटेनाच्या नळ्या चोरीला गेल्या होत्या.

गावठाणात पाटीलकाकूंच्या घरावर आता मजले चढलेत, पण मागे भाजी लावायचं वाडगं राखलंय. "ये रं बाला," त्या ओरडल्या. "आयशीला नाय आनलंस? का तिकरं वर नेऊन टांगलीस तिला?"

मी हसलो आणि मागच्या मांडवाकडे बघितलं. पानांत तवशी लटकत होती. एक बियाचं ठेवलेलं, तपकिरी, जाळी पडलेलं.

"काकू," मी म्हणालो, "आईचं बी संपलं. ते एक द्याल का?"

त्यांचा चेहरा बदलला. मी तो बघितला आणि तरी हात पुढे केलेला तसाच ठेवला. त्या मांडवाखाली गेल्या. विळीने देठ कापला आणि तवसं माझ्या हातावर ठेवलं. उंबऱ्यावर नाही, हातावर. चहाचं विचारायला विसरल्या.

घरी आलो, तवसं ओट्यावर डब्याशेजारी ठेवलं. आईने येऊन वास घेतला, देठाकडे अंगठा फिरवला आणि तिचे डोळे भरले. हेच होतं. मी जिंकल्यासारखा उभा होतो.

"कोणी दिलं?"

"पाटीलकाकूंनी."

"आपणहून?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी बोललो नाही, पण तो माझा चांगुलपणा नव्हता, मला विचारच सुचला नाही. "मागितलं मी."

आईने अंगठा काढून घेतला. "मी जिवंत असताना माझ्या नावाने मागून आणलंस?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मी तिला इतकं संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या हातून आयुष्यात एवढं एकच नीट झालं होतं रे."

मलाही राग आला. कसले नियम, कोणी केले, कशासाठी, एका बियाने काय होतं, असं बरंच काही मी मनात म्हणालो. आणि म्हणता म्हणता अडखळलो. खाली सेक्रेटरीने नियम म्हणजे नियम असं म्हटलं तेव्हा मी मान डोलावली होती. अनोळखी माणसांचे गाडीचे, काचेचे, हिरवळीचे सगळे नियम मी तंतोतंत पाळत आलो. आणि जिने मला उभ्या जन्मात एकच नियम सांगितला तो मी अर्ध्या मिनिटात मोडला, आणि वर बक्षिसासाठी उभा राहिलो.

तवसं काही दिवस ओट्यावर होतं. घरभर तो आंबूस गोड वास होता. एके दिवशी ते दिसलं नाही. मनीषाने कचऱ्यात टाकलं असेल असं मला वाटलं. विचारायचं धाडस झालं नाही. डबा बंद पडून राहिला, त्याच्यावर धूळ बसली, कोणीतरी चहाच्या गाळण्या ठेवायला लागलं.

आणि यंदा चैत्र सरताना आई म्हणाली, माझं काम आहे त्याच्याशी.

तिने पलंगाखालून टॉवेलची गुंडाळी ओढली. आत डोंबिवलीच्या भिंतीचा तो तुकडा. जुन्या गोल डागांवर, अगदी त्याच जागी, नव्या थापट्या बसल्या होत्या. रंगाने फिक्या होत्या.

"शेण कुठून आणू इथे?" ती म्हणाली. "उदबत्तीची राख आणि पेज. धरलं बऱ्यापैकी."

तिने सुरी माझ्या हातात दिली. "हळू काढ. या वेळी टेम्पो उभा नाहीये."

मी भिंत मांडीवर घेऊन बसलो आणि एकेक थापटी सोडवली. अक्षय्य तृतीयेला बिया डब्यात गेल्या. या वेळी आईने एक भोक सोडून एक अशा लावल्या, म्हणजे मुळांची भेट व्हायला उशीर होईल. टोप्या घालून कोंब आले. मनीषाने पोळपाट आपणहून डायनिंग टेबलावर नेला. दुसरं पान फुटायच्या आत आईने रोपं काढून जुन्या दह्याच्या डब्यांत मातीत बसवली.

"कुठे लावायची?" मी विचारलं. बघू, असं म्हणणार होतो ते गिळलं.

"आपली नाहीत ती," आई म्हणाली. "पाटलिणीची आहेत. मागून आणलेलं ठेवून घेता येत नाही. वाढवून परत द्यायचं. सगळी."

"एक तरी ठेव."

"सगळी."

त्याच आठवड्यात कमिटीची बैठक होती. मी पुन्हा खाडीकडच्या भिंतीचा विषय काढला. पुन्हा सापाचा विनोद झाला. या वेळी मी हसलो नाही. मी उभा राहिलो आणि ओरडलो. काय काय बोललो ते नीट आठवत नाही, भाड्याची झाडं, वास नसलेली पानं, असलं काहीतरी. आवाज फाटला, सेक्रेटरीने पाण्याची बाटली पुढे केली. विषय नामंजूरच झाला. वर आलो तेव्हा लिफ्टच्या आरशात माझा चेहरा लाल होता. घरात शिरलो आणि लक्षात आलं की घरात ओरडायला काही शिल्लक नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि माठातलं पाणी आणून दिलं.

रविवारी मी रोपं खोक्यात घालून डोंबिवलीला गेलो. पाटीलकाकू मागे वाडग्यात होत्या. मी डबे उंबऱ्यावर एकाशेजारी एक ठेवले. निघून जायचं होतं, पण त्या हात पुसत आल्या. उंबऱ्याकडे बघितलं. एका पानाखाली बोट घालून बघितलं. मग एकेक डबा उचलून आत नेला. मी खिशात हात घालून उभा होतो. खिशातून काढले असते तर ते काय करतील याचा मला भरवसा नव्हता.

"चा पितोस?" त्या म्हणाल्या.

चहा प्यालो. त्या नातवाबद्दल, रस्त्याबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या. मागे मांडवाच्या नव्या काठ्या उभ्या होत्या. मी तिकडे बघितलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. खिडकीतून खाडीच्या बाजूची ती भिंत दिसत होती, लांबच लांब, उघडी. तिच्याकडे बघून मला अजून राग येतो. तो जावा असं मला वाटत नाही. ओट्यावर आईने डबा पुसून ठेवला होता, टाकी उलटी करून, झाकण उन्हाकडे.

"ठेवलीस?"

"ठेवली."

"काही मागितलं नाहीस ना?"

"नाही."

"हात पाय धू," ती म्हणाली. "तुझ्यासाठी जेवायची थांबलेय."